जन्मखूण आणि तथागत बुद्धांचे जीवन



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांना त्रिवार वंदन करून हे चार शब्द लिहायला घेतो. मी काही लेखक नाही. गिरणीत पाळी करणारा माणूस. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढे जे काही वाचलं ते रात्रपाळी करून आल्यावर, विहाराच्या कपाटातली पुस्तकं घरी नेऊन वाचलं. तेव्हा चुकलंमाकलं तर सांभाळून घ्यावं ही विनंती.

रविवारच्या बालवर्गात एका लहान मुलीने मला विचारलं की, आपल्या विहारातल्या मूर्तीच्या कपाळावर ठिपका आहे तो कसला? भगवान बुद्ध गंध लावायचे का? मी तिला सांगितलं की ते गंध नाही, तिला ऊर्णा म्हणतात. दोन भुवयांच्या मध्ये पांढऱ्या केसांची लव. महापुरुषाच्या ३२ लक्षणांपैकी हे एक लक्षण, असं ग्रंथात लिहिलेलं आहे. मुलीचं समाधान झालं आणि ती खेळायला पळाली. माझं समाधान मात्र झालं नाही. बुद्धांच्या अंगावर जन्मतः खुणा होत्या आणि त्या बघून जाणत्यांनी भविष्य सांगितलं, असं जर आपणच मुलांना शिकवत असू, तर घरी आजी नातीच्या गालावरचा डाग बघून तिचं भविष्य सांगू लागली की तिला कोणत्या तोंडाने अडवायचं?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला मी दुसरीकडे कुठे गेलो नाही. तथागतांचं जीवनच पुन्हा पहिल्यापासून वाचलं. ते मला जसं समजलं तसं इथे मांडतो.

आधी आपल्या घरातलं सांगतो

आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावांत मूल जन्मलं की पहिल्यांदा बाया त्याचं अंग न्याहाळतात. पुरुषाला उजव्या अंगाला तीळ म्हणजे भाग्याचा, बाईला डाव्या अंगाला. तळपायाला तीळ असला की पायाला भिंगरी. डोक्यात दोन भोवरे म्हणजे दोन बायका. मेलेल्या आजोबाच्या पाठीवर डाग होता, तसाच नातवाच्या पाठीवर दिसला की आजोबाच परत आले. पाचवीच्या रात्री सटवाई येऊन कपाळावर नशीब लिहून जाते. आणि सगळ्यात वाईट म्हणजे ग्रहणाचा डाग. गरोदर बाईने ग्रहणात चिरलं-कापलं की पोराचा ओठ फाटतो, कान तुटतो, अंगावर डाग उठतो, असं म्हणतात. दोष सगळा आईच्या माथी.

२४ ऑक्टोबर १९९५ ला सूर्यग्रहण झालं. दिवाळीचे दिवस होते, शेतावर भातकापणी चालू होती. माझी बायको तेव्हा पोटुशी होती. भात पिकून लोळायला आलेलं, आभाळाचा भरवसा नव्हता, म्हणून ती सकाळीच विळा घेऊन कापायला गेली. पुढे मुलगी झाली. तिच्या डाव्या गालावर कानापर्यंत लाल चट्टा. सगळ्या आळीने निकाल देऊन टाकला की हा ग्रहणाचा डाग. माझ्या आईने तर बायकोशी महिनाभर धड बोलणं केलं नाही. त्या काळात मी जयंतीच्या मिरवणुकीत सगळ्यांच्या पुढे घोषणा द्यायचो. सभेत अंधश्रद्धेवर बोलायचो. पण घरात मी तोंड उघडलं नाही. बायको रडली, मी कामाला निघून गेलो. ही माझी चूक आहे आणि ती मी आज लिहून कबूल करतो. मुलीच्या लग्नाच्या वेळी दोन ठिकाणांहून नकार आला. दोन्ही घरं आपलीच होती, दोन्ही घरांत भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता.

आता तथागतांच्या जीवनाकडे वळू.

लुंबिनीचं बाळ

कपिलवस्तूच्या शाक्यांचे प्रमुख शुद्धोदन आणि त्यांची पत्नी महामाया. बाळंतपणासाठी महामाया माहेरी देवदहला निघाली होती. वाटेत लुंबिनीच्या वनात शालवृक्षाखाली ती प्रसूत झाली. वैशाख पौर्णिमेचा दिवस, इसवी सनापूर्वी ५६३ असं साल आपण धरतो. पुढे सम्राट अशोक स्वतः तिथे जाऊन आले, दगडी स्तंभ उभारला आणि गावचा कर कमी केला. तो स्तंभ १८९६ साली सापडला. म्हणजे ही काही नुसती कथा नाही, त्या जागेला दगडाचा पुरावा आहे.

बाळ जन्मल्याचं कळताच असित मुनी आपल्या भाच्याला, नालकाला घेऊन आले. या भाच्याला काही ग्रंथांत नरदत्त म्हटलं आहे. मुनींनी बाळाला हातात घेतलं, त्याचं अंग निरखलं. ग्रंथात अशी ३२ लक्षणं मोजलेली आहेत. सपाट तळवे, तळव्यावर चक्राची खूण, लांब बोटं, लांब टाचा, उभं राहिल्यावर गुडघ्यापर्यंत पोचणारे हात, सोन्यासारखी कांती, ४० दात, भुवयांमधली ऊर्णा. शिवाय ८० बारीकसारीक खुणा वेगळ्या. ती पाहून असित मुनी आधी हसले आणि मग रडले. हा पुढे बुद्ध होणार, पण तोवर मी जगणार नाही, याचं त्यांना वाईट वाटलं. अजिंठ्याच्या १६ नंबरच्या लेण्यात बाळ घेतलेले असित मुनी रंगवलेले आहेत. सहलीला जाल तेव्हा मुलांना आवर्जून दाखवा.

नाव ठेवायच्या दिवशी, म्हणजे पाचव्या दिवशी, ८ ब्राह्मण बोलावले होते. बाळाचं अंग पाहून सात जणांनी दोन बोटं वर केली. म्हणजे घरात राहिला तर चक्रवर्ती राजा, घर सोडलं तर बुद्ध. सगळ्यात तरुण कौण्डिन्याने मात्र एकच बोट वर केलं, हा बुद्धच होणार. या कौण्डिन्याला लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

आणि आता पुढची गोष्ट नीट ऐका. ज्या बाळाच्या अंगावर ३२ शुभ लक्षणं, ज्याला आठ-आठ जाणत्यांनी भाग्यवान म्हटलं, त्या बाळाची आई सातव्या दिवशी वारली. आपल्या वाडीत असं झालं असतं तर लोक काय म्हणाले असते? पोराने आईला खाल्लं. पायगुण वाईट. मूळ नक्षत्राचा. एकाच पोराला पाचव्या दिवशी भाग्यवान आणि सातव्या दिवशी अपशकुनी म्हणायला आपण कमी केलं नसतं. शाक्यांच्या घरात काय झालं? मावशी महाप्रजापती गौतमीने ते बाळ उचललं आणि छातीशी लावलं. तिने लक्षणं मोजली नाहीत. बाळाला त्या घडीला भविष्याची गरज नव्हती, दुधाची होती. पुढे जगाला जो बुद्ध मिळाला तो गौतमीने वाढवलेला, हे विसरू नये.

घर सोडलं, अंगही झिजवलं

सिद्धार्थ मोठा झाला. यशोधरेशी लग्न झालं, राहुल जन्मला. बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात, जो त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला, गृहत्यागाचं कारण स्पष्ट मांडलेलं आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांचं भांडण पेटलं. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि त्यापायी वयाच्या २९ व्या वर्षी परिव्रज्या घेतली. आपल्या भागातलं धरणाचं पाणी डोळ्यांसमोरून मुंबईला जाताना पाहणाऱ्या आपल्याला पाण्याचं भांडण वेगळं समजावून सांगायला नको.

मग आलार कालाम, उद्दक रामपुत्त यांच्याकडे शिक्षण झालं. त्यानंतर सहा वर्षं घोर तपश्चर्या. त्या तपश्चर्येत शरीराची काय दशा झाली ते ग्रंथात वाचलं की अंगावर काटा येतो. पोटाची कातडी पाठीच्या कण्याला लागली. डोळे खोल गेले. अंगावरून हात फिरवला तर केस मुळासकट गळून पडायचे. सोन्यासारखी कांती काळवंडली. बघणाऱ्यांत वाद की हा काळा आहे की सावळा. ३२ लक्षणं दिसेनाशी झाली, असं जातककथांच्या प्रस्तावनेतच लिहिलेलं आहे. म्हणजे ज्या खुणांवर भविष्य उभं केलं होतं, त्या उपासमारीत पुसल्या गेल्या. तरी सिद्धार्थ गौतम थांबले नाहीत. शरीराला छळून काही हाती लागत नाही हे उमगलं तेव्हा त्यांनी सुजाताची खीर घेतली, अंगात ताकद आणली, आणि वयाच्या ३५ व्या वर्षी बोधगयेला पिंपळाखाली बसून संबोधी मिळवली. ती कोणत्याही लक्षणाने दिली नाही. ती चुका करून, चुका सुधारून, स्वतःच्या प्रयत्नाने मिळवलेली आहे.

तिथून ते सारनाथला गेले. पहिला उपदेश ऐकायला पाच परिव्राजक होते. त्यात कोण होता? तोच एक बोट वर करणारा कौण्डिन्य. बुद्ध होणार हे भविष्य त्याने सांगितलं होतं. पण तपश्चर्या सोडून गौतमांनी अन्न घेतलं तेव्हा हाच कौण्डिन्य बाकी चौघांबरोबर त्यांना सोडून निघून गेला होता. अंगावरची खूण वाचणारा माणूस समोरचा माणूस वाचू शकला नाही. शेवटी त्याचे डोळे उघडले ते दुःख, दुःखाचं कारण आणि दुःखातून बाहेर पडायची वाट ऐकून. धम्म पहिला समजला तो त्यालाच.

खुणा तपासायला आलेले लोक

पुढची ४५ वर्षं तथागत पायी फिरले. या काळात कित्येक विद्वान ब्राह्मण त्यांच्या अंगावरची लक्षणं तपासायला आले. त्यातल्या दोन हकिगती सांगतो.

पहिली अम्बट्ठाची. पोक्खरसाति नावाच्या मोठ्या ब्राह्मणाचा हा शिष्य. गुरूने लक्षणं बघायला पाठवलं. हा आला तो उद्धटपणे येरझारा घालत बोलू लागला आणि शाक्यांना हलक्या कुळाचे म्हणू लागला. तथागतांनी शांतपणे त्याला त्याचंच गोत्र विचारलं. तेव्हा निघालं की त्याच्या कुळाचा मूळ पुरुष कण्ह हा एका दासीचा मुलगा. झालं! बरोबरचे सगळे तरुण अम्बट्ठावरच तुटून पडले, त्याला हीन कुळाचा म्हणू लागले. आता तथागतांना गप्प बसून मजा बघता आली असती. पण त्यांनी त्या तरुणांनाही थांबवलं. तो दासीपुत्र पुढे मोठा ऋषी झाला, त्याला नावं ठेवू नका, असं समजावलं. शत्रूच्या जन्मावर बोट ठेवून जिंकायचं नाही, हे आपल्यासारख्या कार्यकर्त्यांनी मनावर कोरून ठेवण्यासारखं आहे.

दुसरी उत्तराची. मिथिलेच्या ब्रह्मायु नावाच्या १२० वर्षांच्या ब्राह्मणाने आपला शिष्य उत्तर याला पाठवलं. उत्तराने लक्षणं पाहिली, पण लगेच परतला नाही. सात महिने सावलीसारखा मागे राहिला. परत जाऊन त्याने गुरूला लक्षणं सांगितली, पण तेवढ्यावर न थांबता पुढेही सांगत राहिला. हा माणूस चालतो कसा, बसतो कसा, घास किती घेतो, भांडं धुताना पाणी कसं सांडू देत नाही, लोकांना उपदेश करताना खुशामत करत नाही आणि कुणाला कमीही लेखत नाही. खुणा बघायला गेलेला माणूस वागणूक बघून आला. मला वाटतं, सून बघायला जाणाऱ्या प्रत्येक घराने उत्तराकडून शिकावं.

आता कुणी म्हणेल, म्हणजे लक्षणं होतीच ना? त्याच ग्रंथांत दुसऱ्या गोष्टीही आहेत, त्याही बघू. राजा अजातशत्रू जीवकाच्या आम्रवनात गेला तेव्हा भिक्खूंमध्ये बुद्ध कोणते हे त्याला जीवकाला विचारावं लागलं. गौतमीचा मुलगा नंद उंचीला चार बोटं कमी होता, तरी तो लांबून येताना दिसला की भिक्खूंना तथागतच आले असं वाटायचं. राजगृहात एका कुंभाराच्या पडवीत पुक्कुसाति नावाचा तरुण आणि तथागत एक रात्र राहिले. तो तरुण बुद्धांच्याच नावाने घर सोडून निघालेला होता, पण शेजारी बसलेला माणूस कोण हे त्याला कळलं नाही. तथागतांनीही सांगितलं नाही. फक्त धम्म समजावला, आणि धम्म ऐकता ऐकता त्याने ओळखलं. ४० दात, गुडघ्याला पोचणारे हात आणि सोन्याची कांती असलेला माणूस कुंभाराच्या पडवीत ओळखू येऊ नये? ज्याचा त्याने विचार करावा. मी माझ्यापुरतं असं समजतो की लोकांनी प्रेमापोटी, त्या काळच्या समजुतीप्रमाणे आपल्या शास्त्याला ३२ लक्षणं चढवली. तथागत माणूस होते. त्यांची ओळख त्यांच्या शिकवणुकीने होत होती.

बैल आणि मुलगी

स्वतः तथागतांचं या विद्येबद्दल मत काय होतं, तेही लिहून ठेवलेलं आहे. दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, ब्रह्मजाल सुत्तात, पोट भरण्याच्या हलक्या विद्यांची लांबलचक यादी आहे. अंग बघून सांगणं, स्वप्न सांगणं, उंदराने कुरतडलेल्या कपड्यावरून सांगणं, ग्रहणाची फळं सांगणं. मग लक्षणं बघायच्या गोष्टी मोजल्या आहेत. रत्नाची, काठीची, तलवारीची, बाईची, पुरुषाची, मुलाची, मुलीची, दासाची, दासीची, हत्तीची, घोड्याची, बैलाची, गायीची, कोंबड्याची. श्रमण गौतम या सगळ्यापासून दूर राहतात, असं तिथे सांगितलं आहे.

ही यादी वाचताना मला पौषातली म्हसाची यात्रा आठवली. आपल्या मुरबाड तालुक्यातला तो बैलांचा मोठा बाजार. घेणारा माणूस बैलाचं तोंड उघडून दात बघतो, पाठीवरचा भोवरा बघतो, खोड काढतो आणि किंमत पाडतो. बैलाचं ठीक आहे, तो विकायलाच उभा आहे. पण पाहुणे मुलगी बघायला येतात तेव्हा वेगळं काय करतात? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या यादीत बैल आणि मुलगी एका ओळीत उभे केलेले आहेत. बघणाऱ्याच्या नजरेत दोघांत फरक नव्हता. तथागतांनी ती नजरच नाकारली.

माणसाला जन्मखूण नाही

या सगळ्याचा कळस म्हणजे वासेट्ठ सुत्त. इच्छानंगल गावाजवळ वासेट्ठ आणि भारद्वाज या दोन तरुणांत वाद लागला. ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? दोघं तथागतांकडे आले. तथागतांनी त्यांना आजूबाजूला बघायला सांगितलं. गवत बघा, झाडं बघा, किडे-मुंग्या बघा, चार पायांची जनावरं, साप, मासे, पक्षी बघा. त्यांच्या जातीच्या खुणा त्यांच्या अंगावर जन्मतः आहेत, म्हणून ते वेगळे ओळखता येतात. आता माणूस बघा. केस, डोकं, कान, डोळे, नाक, ओठ, हात, पाय, रंग, आवाज, कुठे आहे अशी खूण? माणसामाणसांत जी नावं पडली ती कामावरून पडली. शेती करतो तो शेतकरी, चोरी करतो तो चोर, लढतो तो शिपाई.

जन्मखुणेबद्दलची ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे. आपल्या बापजाद्यांच्या अंगावर काय होतं? कुठला डाग होता? काहीच नव्हतं. तरी त्यांना जन्मतः डागी ठरवलं. पाणवठ्यावर येऊ दिलं नाही. न दिसणारा डाग त्यांच्या अंगावर लावला आणि तो धुता येत नाही असं शास्त्रात लिहून ठेवलं. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी लाखो लोकांबरोबर तो डाग नाकारला. ज्या समाजाने न दिसणाऱ्या डागापायी इतकं सोसलं, त्या समाजाने एखाद्या पोरीच्या गालावरचा दिसणारा डाग पाहून तिला नाकारावं, याला काय म्हणावं?

तथागत बोलले तसे वागले. शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला आले तेव्हा त्यांच्याबरोबर न्हावी उपाली होता. त्याला आधी दीक्षा दिली, म्हणजे राजपुत्रांनी त्याला वंदन करावं. निर्माल्य आणि कचरा उचलणारा सुनीत रस्त्यावर अंग चोरून उभा राहिला, त्याला संघात घेतलं. अंगुलिमालाची गोष्ट तर सगळ्यांना माहीत आहे. त्याच्याबद्दल परंपरेत सांगतात की तो चोरांच्या नक्षत्रावर जन्मला, जन्माच्या वेळी शस्त्रं चमकली, पुढे हा दरोडेखोर होणार असं भविष्य निघालं. झालाही तसाच. पण तथागतांनी त्याचं नक्षत्र विचारलं नाही. त्याला थांबायला शिकवलं. तोच अंगुलिमाल पुढे भिक्खू झाला आणि अडलेल्या बाळंतिणीला धीर द्यायला गेला. नक्षत्र तेच होतं, माणूस बदलला.

चुन्दाचा दोष काढू नका

वय ८० झालं. तथागत स्वतःच्या शरीराबद्दल बोलताना त्याला दोऱ्या बांधून कशीबशी चालवलेल्या जुन्या गाडीची उपमा देत. कातडीला सुरकुत्या पडल्या, पाठ वाकली, हे आनंदाने स्वतः हात लावून पाहिलं. पावा इथे चुन्द नावाच्या लोहाराकडे शेवटचं भोजन झालं आणि दुखणं उलटलं. तशा वेदनेतही तथागतांना काळजी कसली? उद्या लोक चुन्दाला अपशकुनी ठरवतील, त्याच्या हातचं खाल्लं आणि गेले असं म्हणतील. म्हणून त्यांनी आनंदाला बजावलं की चुन्दाच्या मनाला हा सल राहू देऊ नका. संबोधीच्या आधीचं भोजन आणि हे शेवटचं भोजन, दोन्ही सारख्याच पुण्याची आहेत, असं त्याला सांगा. मग कुशिनारा इथे दोन शालवृक्षांच्या मध्ये त्यांचं महापरिनिर्वाण झालं.

जन्मल्यावर सात दिवसांत आई गेली तेव्हा ज्या बाळावर दोष आला असता, त्याच माणसाने मरताना दुसऱ्यावर दोष येऊ दिला नाही. मी हे वाचलं तेव्हा मला ग्रहणातला तो विळा आठवला, आणि महिनाभर मान खाली घालून वावरणारी माझी बायको आठवली. तिच्या बाजूने एक वाक्य बोलायचं माझ्याने झालं नव्हतं.

आपल्या सोपाऱ्याचा दगड

हे सगळं उत्तरेकडचं, आपल्याकडे कुठे पोचलं होतं, असं कुणाला वाटेल. तर आपल्या शेजारचं नालासोपारा घ्या. आधी ठाणे जिल्ह्यात होतं, १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे. तिथला स्तूप १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी खणून काढला. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही तिथे मिळाला. पुढे १९५६ साली, म्हणजे आपल्या धम्मदीक्षेच्याच वर्षी, जवळच्या भुईगावला नवव्या लेखाचा तुकडा सापडला. या नवव्या लेखाचा विषय काय आहे? आजारपणात, लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना लोक नाना तऱ्हेचे मंगलविधी करतात, त्यांचं फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दास-नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, जिवांवर दया करणं आणि दान देणं. तथागतांनी मंगल सुत्तात ३८ मंगलं सांगितली, त्यांतही अंगावरच्या खुणेचं नाव नाही. म्हणजे पाचवी, सटवाई, डाग यांचं उत्तर आपल्या समुद्रकाठी दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी दगडावर कोरलेलं होतं. आपणच ते वाचायला उशीर केला.

शेवटी दोन शब्द

माझी मुलगी पुढे नर्स झाली. तिच्या सासरच्यांनी डाग पाहिला नाही, तिचं वागणं पाहिलं. तिनेच मला समजावलं ते तुम्हालाही सांगतो. कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावल्या की लाल चट्टा दिसतो. रंग देणाऱ्या पेशी एका जागी जमल्या की तीळ होतो. आपल्याकडच्या पुष्कळ बाळांच्या कंबरेवर निळसर डाग असतात, ते काही वर्षांत आपोआप जातात. स्ट्रॉबेरीसारखा उठलेला लाल डाग पहिल्या वर्षात वाढतो आणि मग हळूहळू विरतो. ग्रहणाचा, विळ्याचा, आईच्या चुकीचा याच्याशी काही संबंध नाही. मात्र डाग डोळ्याजवळ असेल, अर्ध्या चेहऱ्यावर पसरलेला असेल, पाठीच्या कण्यावर खाली केसांचा झुबका असेल, किंवा तीळ वाढून रक्त येत असेल, तर भगताकडे न जाता डॉक्टरांना दाखवा.

विहाराच्या वर्धापनदिनी माझं एवढंच मागणं आहे. आपल्या आळीत पुढचं मूल जन्माला येईल तेव्हा त्याचं अंग न्याहाळू नका, महाप्रजापती गौतमीसारखं त्याला उचलून घ्या. बाळंतिणीला ग्रहणात काय केलंस हे विचारू नका, जेवलीस का ते विचारा. आणि बालवर्गातल्या त्या मुलीला मी आता पुरं उत्तर देणार आहे. मूर्तीच्या कपाळावरचा ठिपका लोकांनी प्रेमाने लावलेला आहे. तथागतांची खरी खूण त्यांच्या वागण्यात होती, आणि ती आपल्यालाही मिळवता येते.

नमो बुद्धाय! जय भीम!

आपला एक धम्मबंधू,
गिरणी कामगार